चोवीस कार्डं

टोमॅटो निवडायला बसलं की माझे हात डोळ्यांना विचारत नाहीत. नासका एकीकडे, तडकलेला दुसरीकडे, हिरवट वेगळा, आणि लाल, एकसारखा, बघणाऱ्याला बरा वाटेल असा माल कॅरेटच्या वरच्या थराला. मी मूळची आणे गावची. आमच्या पठारावर प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे टोमॅटो कुठला. आम्ही बाजरीतले खडे निवडत मोठ्या झालो. लग्न होऊन कळंबला आले आणि तेव्हापासून टोमॅटो निवडते आहे. या कामात कुणी माझी चूक काढलेली नाही. निदान तोंडावर तरी नाही.

याच हातांनी मी एका दुपारी मुलीची नेमबाजीची कार्डं निवडली आणि तिचं एक वर्ष घालवलं. ते कसं झालं ते एकदाचं लिहून टाकते. तोंडाने सांगायचा मला कंटाळा आला आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी ते वेळेवर सांगितलंही नाही.

आमचे मालक सैन्यातून हवालदार होऊन घरी आले. तिकडे नेमबाजीत त्यांचं नाव होतं. घरी आल्यावर इतर पेन्शनवाले पारावर बसतात, हे मुलीला घेऊन पोटावर झोपायला शिकवू लागले. कारण ही नेमबाजी झोपून करायची असते. पन्नास मीटरवर कार्ड टांगायचं आणि पॉइंट टू टू रायफलीने त्यावर गोळ्या मारायच्या. गोळी एवढीशी, करंगळीच्या नखात मावेल अशी. गावात पहिल्यांदा कळलं तेव्हा लोक विचारायचे, बिबट्यासाठी घेतली का? मालक म्हणायचे, "या गोळीनं बिबट्या हसंल राव." मग कुणी विचारेनासं झालं.

मुलगी बारा वर्षांची होती तेव्हा सुरू झालेलं हे वेड ती चोवीसची झाली तरी चालू होतं. बारा वर्षांत मी किती डबे भरले, किती पहाटे उठले, ते सांगत नाही, सांगितलं की रडगाणं वाटतं. पण दमले होते. आणि त्या वर्षी मालकांनी ठरवलं होतं, "यंदा जुलैत राज्याच्या संघात निवड झाली तर पुढं. न्हाईतर बास." मुलीने मान डोलावली होती. संघात आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट होती. नाही आली तर रायफल कपाटात आणि पाहुणे दारात, हे कुणी बोललं नाही तरी तिघांनाही कळत होतं.

तर गोळ्यांचं असं असतं. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या खोक्यातल्या गोळ्याही सारख्या नसतात. खोक्यावर लॉटचा नंबर असतो. टोमॅटोचं बी आणताना आपण बघतोच की, कंपनी तीच, वाण तोच, पण या लॉटचं बी चांगलं उगवतं आणि त्या लॉटचं दगा देतं. गोळ्यांचंही तसंच. वर एकेका रायफलीला एकेक लॉट मानवतो, दुसरीला तो मानवत नाही. म्हणून वर्षाच्या गोळ्या घ्यायच्या आधी दोन-तीन लॉटचा थोडा थोडा माल आणून मारून बघायचा, कार्डावरची भोकं मोजायची, आणि मग एकाच लॉटचा सगळा साठा घ्यायचा. पुण्याच्या दुकानदाराने तीन लॉटची एकेक डबी दिली होती, प्रत्येकी पन्नास गोळ्या. आठवडाभर तिन्ही लॉट राखून ठेवतो म्हणाला होता.

दरवर्षी ही परीक्षा मालक स्वतः घ्यायचे. त्या वर्षी त्यांना जमणार नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांना कंपवाताने धरलं आहे. चहाचा कप मी अर्धाच भरते आणि दूध संपलं म्हणते, म्हणजे त्यांना वाटत नाही की मी मुद्दाम कमी भरला, आणि लुंगीवर सांडतही नाही. ज्या माणसाचा हात रायफलीवर दगडासारखा असायचा त्याला शर्टाचं बटण लावून द्यावं लागतं. त्यावर ते काही बोलत नाहीत. बाकी सगळ्यावर बोलतात, आणि वरच्या पट्टीत.

त्यामुळे मे महिन्यात, टोमॅटोचा तोडा ऐन भरात असताना, हे काम आम्हा दोघींवर आलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पहिलं भांडण कागदावरून झालं. स्पर्धेची खरी कार्डं घरात होती, पण मोजकी, ती निवड चाचणीच्या सरावाला हवी होती. मुलीने मोबाइलवरून एक चित्र काढलं आणि मंचरला झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. एका कागदावर पाच छोट्या चौकटी आणि मागे शाळेच्या वहीसारखे चौकोन. दिसायला शहाणं. मालकांनी बघितलं आणि बाजूला सारलं.

"हे दुर्बीण लावलेल्या बंदुकीचं काम हाय. तुझ्या बंदुकीला कुठं दुर्बीण हाय?"

ते खरं होतं. तिच्या खेळात दुर्बीण लावून नेम धरता येत नाही. मागच्या बारीक भोकातून बघायचं, पुढच्या गोल कड्यात कार्डावरचा काळा गोल बरोबर मधोमध बसवायचा. कड्यात गोल बसतो. चौकट कशी बसणार? शिवाय कागद झेरॉक्सचा. मुलीने वाद घालायला म्हणून त्यातला एक कागद पुठ्ठ्यावर लावून मारून आणला, तर भोक पडलंच नाही, कागद फाटला. उंदराने कुरतडल्यासारख्या कडा. दोन लांबच्या भोकांमधलं अंतर मोजायचं म्हणजे भोकाला कड तर हवी. मालक म्हणाले, कागद असा हवा की गोळीनं तो कापला पाहिजे, फाडता कामा नये. आणि ते काम माझ्याकडे दिलं. का, तर "तुला बाजारात फसवत न्हाई कोण."

मंचरला एक छापखाना आहे, लग्नपत्रिका छापणारा. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. छापखानेवाल्याने मला बघून खुर्ची दिली.

"वहिनी, पोरीचं जमलं व्हय? कुठलं पावणं?"

"कार्य न्हाई भाऊ. बंदुकीनं भोकं पाडायला कागद पायजे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला आधी बसून सगळं सांगावं लागलं. मग त्याने पत्रिकांचे नमुने काढले. मी एकेक बोटांनी चोळून बघितला आणि पर्समधल्या बॉलपेनने खुपसला. चकचकीत कार्डावर उन्हात डोळे दिपतील म्हणून ते बाद. एक हातकागद होता, सुंदर, पण त्यात धागे, भोकाला मिशा आल्या. सोनेरी कडेचं त्याने स्वतःच मागे घेतलं, मला खुपसू दिलं नाही. शेवटी सगळ्यात साधं, जाड, साय धरलेल्या दुधाच्या रंगाचं कार्ड मिळालं. पेन खुपसला की पोस्टाच्या शिक्क्यासारखं स्वच्छ भोक. गरीब घरच्या पत्रिका त्यावर छापतात, तो म्हणाला. मी म्हटलं, मग ते आमचंच.

काळा गोल खऱ्या कार्डावरून मापून दिला. पन्नास कार्डं सांगितली. तो म्हणाला, "वर श्री टाकतो."

"नको भाऊ, गोळ्या मारायच्यात त्यावर."

"श्रीशिवाय आमची मशीन सुरू व्हत न्हाई, वहिनी. एकदम वर टाकतो, कडंला."

दोन दिवसांनी गेले तर प्रत्येक कार्डावर वरच्या कडेला दोन उभ्या रेघांमध्ये श्री, आणि खाली मुलीच्या नेमाचा काळा गोल. घरी मालकांनी कार्डावरून थरथरता अंगठा फिरवला, कड वाकवून बघितली, आणि म्हणाले, "कागद झ्याक हाय." इतक्या वर्षांच्या संसारात असं कौतुक मोजून चार वेळा झालं असेल, त्यातलं हे एक. श्रीबद्दल म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपला नेम एवढा वर जात न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी पाठ केलं. प्रत्येक लॉटच्या पहिल्या दहा गोळ्या नुसत्या मातीत मारायच्या, म्हणजे नळीला त्या लॉटच्या मेणाची सवय होते. उरलेल्या चाळीस, एका कार्डावर पाच अशा आठ कार्डांवर. दहा का नाही, तर दहा मारल्या की मध्ये एकच खिंडार पडतं आणि कुठली गोळी कुठून गेली ते कळत नाही. रायफल वाळूच्या पोत्यावर ठेवायची, कारण परीक्षा गोळीची आहे, पोरीची नाही. वाऱ्यासाठी बाजूला चिंधी बांधायची, चिंधी हलली की थांबायचं. तीन लॉट, चोवीस कार्डं. कार्डं सगळीच्या सगळी घरी आणायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नसणार.

आळेफाट्याच्या पुढे, माझ्या माहेरच्या वाटेवर, एका शाळेच्या मागे डोंगराला लागून सरावाची जागा आहे. पहाटे निघालो. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत माल निवडला होता, बोटांना टोमॅटोच्या झाडाचा तो हिरवा-काळा चिकट रंग तसाच होता. मुलगी गाडी चालवत होती, मी शेजारी पेंगत होते.

वारा नव्हता. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी काठीवर मेल्यासारखी पडून होती. मुलगी पोत्यामागे झोपली. ती रायफल उघडून ठेवायची, "जा" म्हणायची, मग मी पन्नास मीटर चालत जाऊन कार्ड लावायचे, परत यायचे, ती पाच गोळ्या मारायची, पुन्हा "जा". कार्ड काढताना वरच्या कोपऱ्यात, श्रीच्या शेजारी, पेन्सिलीने लॉट आणि कार्डाचा नंबर टाकायचा. ती मधूनमधून शेजारी ठेवलेल्या दुर्बिणीतून भोकं बघायची. मारायला दुर्बीण चालत नाही, बघायला चालते.

पहिला लॉट ऐसपैस होता, भोकं गोलभर पांगलेली. दुसरा लॉट सुरू झाला आणि मी कार्ड काढून आणताना हसू लागले. पाच भोकं एका रुपयाखाली झाकतील अशी. दोन कार्डं तशी. तिसऱ्या कार्डावर चार भोकं रुपयाखाली आणि पाचवं खाली, चांगलं दोन बोटं खाली.

मुलगी दुर्बिणीतून डोळा काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, मी न्हाई हलले."

मी म्हटलं, "असू दे."

पाचव्या कार्डावर पुन्हा तसंच. चार एकत्र, एक खाली. ती पुन्हा म्हणाली, "मी हलले न्हाई, आई." मी म्हटलं, "दमलीस. पाणी पी." आठव्या कार्डावर तिसऱ्यांदा झालं. ती तेच म्हणाली, जरा हळू आवाजात. मी तोवर कार्ड काढायला निघाले होते, गुडघा दुखत होता.

तिसरा लॉट ना धड चांगला ना वाईट. आठही कार्डं सारखी. भोकं रुपयाच्या कडेबाहेर जरा डोकावणारी, पण एकही भोक कुठे भरकटलेलं नाही. मला त्यात काही बघण्यासारखं वाटलं नाही. साडेनऊला वारा उठायच्या आत आम्ही आवरलं.

घरी आलो तर मालक औषधाच्या गुंगीत झोपले होते. मुलगी आत जाऊन आडवी झाली. मी ओट्यावर बसले आणि कार्डं मांडीवर घेतली. इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मुलगी पंधरा वर्षांची असताना एकदा नेम चुकल्यावर म्हणाली होती, गोळी खराब होती. मालक म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि पंधरा दिवस तिला रायफलीला हात लावू दिला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात गोळीला कुणी नाव ठेवत नाही. गोळी गेली कुठेही, चूक हाताची. आणि एखादं भरकटलेलं भोक दिसलं की मालक ओरडणार, कंपवात झाल्यापासून तर जास्तच, कारण आता त्यांना स्वतः मारून दाखवता येत नाही.

मला ते ओरडणं त्या दुपारी नको होतं. नुसतं नको होतं. मी एवढी दमले होते की घरात शांतता राहावी म्हणून मी कशालाही तयार झाले असते.

मी तीन ढीग केले आणि निवडायला लागले. दुसऱ्या ढिगातली ती तीन कार्डं आधी काढली. पोर थकली होती, थकल्यावर आपले हात खाली येतात, रायफलीचं तोंड खाली आलं असेल, असा मी विचार केला. पोत्यावर ठेवलेली रायफल थकत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मग वाटलं, एका ढिगात पाच आणि बाकीच्यांत आठ बरं दिसत नाही. म्हणून पहिल्यातली तीन सगळ्यात वाईट काढली. तिसऱ्यात वाईट असं काही नव्हतंच, तरी जरा मोठी दिसणारी तीन काढली. प्रत्येकी पाच कार्डं. ढीग नीटनेटके झाले. मला बरं वाटलं, माल भरून कॅरेट रचल्यावर वाटतं तसं.

संध्याकाळी ती नऊ कार्डं मी चुलीत घातली. पण श्री कसा जाळायचा? लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती आपण कापून ठेवतोच. मी प्रत्येक कार्डाची वरची पट्टी कात्रीने कापली आणि नऊ पट्ट्या देवघरात, देवाच्या पाटाखाली सरकवल्या. उरलेल्या नऊ तुकड्यांवर भाकरी भाजल्या.

मालकांनी दिवा लागायच्या वेळी पंधरा कार्डं बघितली. मोजपट्टी त्यांच्या हातात स्थिर राहीना म्हणून मी धरली, ते वाचत होते.

"पाच-पाचच?"

"वारा आला व्हता. बाकीच्या मातीत मारल्या."

त्यांनी दुसऱ्या लॉटची पाच कार्डं पुन्हा पुन्हा बघितली. रुपयाखाली झाकणारी. त्यांचा चेहरा बघून मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटलं. मुलगी दारात उभी होती. ते तिच्यावर ओरडले नाहीत. "दुसरा घ्यायचा," एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे एकदा बघून आत गेली. तिला काय वाटलं ते मला फार उशिरा कळलं.

जुलैत पुण्याला निवड चाचणी झाली. साठ गोळ्या. मी मागे खुर्चीवर बसले होते, समोर पडद्यावर प्रत्येक गोळीचा ठिपका उमटत होता. पहिल्या दहा सुरेख गेल्या. अकरावी खाली गेली. दोन बोटं खाली. मग पुन्हा सुरेख, आणि मग पुन्हा एक खाली, अगदी त्याच जागी. मी ती जागा ओळखत होते. मी ती जागा तीन वेळा चुलीत घातली होती. शेवटापर्यंत चार गोळ्या तशा गेल्या. मुलीने त्यानंतर नेम धरायला जास्त वेळ घेतला, मग त्याहून जास्त, आणि मग हातच बिचकू लागला. थोडक्यात गेलं. थोडक्यात गेलेलं जास्त लागतं.

परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "माझाच हात."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. राजगुरुनगरच्या पुलावर, पेठच्या घाटात, कुठेही. तोंडाशी आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. मला लाज वाटली, आणि भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मला इतका शीण आला होता की आता हे सगळं पुन्हा उकरायला नको असंही वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी मालकांनी ऐकून घेतलं. "बास तर बास," म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागले की यंदा मी स्वतः गोळ्या तपासल्या असत्या तर पोर मनानं निर्धास्त असती. स्वतःच्या हाताकडे बघून म्हणायचे. मुलीने रायफल तेल लावून कपाटात ठेवली आणि मंचरला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला जाऊ लागली. संध्याकाळी यायची, जेवायची, झोपायची. दोघांनी आपापल्या हाताला दोष दिला आणि मी दोघांना वाढत राहिले.

गणपती यायच्या आठवड्यात तिने देवघर साफ करायला घेतलं. मी स्वयंपाकघरात होते. पाट सरकल्याचा आवाज आला. मला कळलं. हातातली पळी मी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि बाहेर गेले.

ती नऊ पट्ट्या ओळीने फरशीवर मांडून बसली होती. प्रत्येकीवर श्री आणि शेजारी माझ्या अक्षरातले पेन्सिलीचे आकडे. तिने दुसऱ्या लॉटच्या तीन पट्ट्या वेगळ्या काढल्या होत्या. तिसरं कार्ड, पाचवं, आठवं. ती त्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही पप्पांनी बघितलीच न्हाईत?"

"न्हाई."

"कुठं हायत?"

"चुलीत घातली. मी."

मालक ओट्यावरून आत आले. मी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी केलं होतं, हेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. भिंतीला हात लावून हळूहळू खाली बसले.

"कुठं गेल्या व्हत्या त्या?" त्यांनी विचारलं.

"खाली," मुलगी आणि मी एकदमच म्हणालो.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"पोत्यावरनं बंदूक खाली जात न्हाई," ते म्हणाले. "बार कमी भरलेली गोळी खाली जाती. गोळीच खराब व्हती ती." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी तिसऱ्या लॉटचं विचारलं. आठही सारखी होती, मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. "तोच घ्यायचा व्हता," म्हणाले.

मुलगी रडेल असं मला वाटलं. तिने पट्ट्या गोळा केल्या, कडा जुळवल्या.

"पप्पा ओरडले न्हाईत तेव्हा मला वाटलं, त्यांनी सगळी कार्डं बघितली आणि तरी तोच लॉट घेतला," ती म्हणाली. "म्हंजी गोळी बरी हाय, वाईट मीच हाय. दया करून गप ऱ्हायले असं वाटलं मला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुला तिथंच सांगितलं व्हतं, आई. तीनदा सांगितलं, मी हलले न्हाई."

"सांगितलं व्हतंस."

"तुला गोळी नासकी असंल असं वाटलंच न्हाई. मीच वाटले."

टोमॅटो निवडताना नासका बाजूला काढतात, कारण तो ठेवला तर बाकीचे नासवतो. पण इथे नासकाच जपून ठेवायचा होता, कारण सगळं सांगणारा तोच होता. आणि मी तर त्याहून वाईट केलं होतं. नासकं काय आहे हे मी निवडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मालक म्हणाले, "अजून एक वरीस." मुलगी आठ दिवस दवाखान्यातच जात राहिली. नवव्या दिवशी कपाट उघडलं.

या मे महिन्यात पुन्हा तीन लॉट आले. त्याच छापखान्यात तेच कार्ड, तोच श्री. पुन्हा पहाटे आळेफाट्याच्या पुढे, पुन्हा चिंधी, पुन्हा पन्नास मीटर जाऊन येणं. आता दोन्ही गुडघे दुखतात. पहिल्या लॉटच्या चौथ्या कार्डावर एक गोळी खाली गेली. मला उभ्या जागीच कळलं, कारण ती दुर्बिणीतून नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मी थांबले. ती आता माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, मी हलले नाही. मी उत्तर वर्षभर तयार ठेवलं होतं. न्हाई हललीस, बाळा. मी बघितलं.

तिने दुर्बिणीतून डोळा काढला, माझ्याकडे न बघता रायफल उघडून ठेवली आणि म्हणाली, "जा."

घरी आल्यावर मी कार्डांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच तिच्या हातात दिला. तिने ओट्यावर बसून गाठ सोडली आणि माझ्यासमोर एकेक कार्ड मोजलं. चोवीस भरली. मग उठून ती आत वडिलांकडे गेली.